अ‍ॅशव्हिलची बीअर आणि अ‍ॅशव्हिलचें पाणी

एकाद्या गांवाची कीर्ति एकाद्या पदार्थाशीं कायमची जोडली जावी, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाहीं. पैठणचें नांव निघालें कीं पैठणी, सोलापूरचें निघालें कीं चादर आणि साताऱ्याचें निघालें कीं कंदी पेढा डोळ्यांपुढें उभा राहतो. अशा कीर्तीच्या मुळाशीं बहुधा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कारागिरी असते. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अ‍ॅशव्हिल नांवाच्या शहराला बीअरबद्दल जी कीर्ति मिळाली, तिच्यामागें अशी कोणतीहि परंपरा नव्हती. दारूबंदीच्या काळापासून १९९४ सालापर्यंत त्या शहरांत बीअर तयार करणारा एकहि परवानाधारक कारखाना नव्हता. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनीं, २००९ सालीं, देशभरच्या शोकिनांनीं केलेल्या मतदानांत तें ओरेगॉनमधील पोर्टलंड या कितीतरी मोठ्या शहराच्या बरोबरीनें ‘बीअरची नगरी’ ठरलें. हें कसें घडलें, आणि २०२४ सालच्या महापुरानें या उद्योगाला कोणता धडा शिकविला, याचा विचार उद्बोधक आहे.

मद्यापासून शरीराला अपाय होतो, हें वैद्यकशास्त्र स्पष्टपणें सांगतें, आणि त्याविषयीं येथें वाद घालावयाचा नाहीं. येथें प्रश्न आहे तो एका मध्यम आकाराच्या शहरांत एक नवा धंदा कसा रुजतो, कशावर वाढतो आणि कशानें डळमळतो, एवढाच.

अ‍ॅशव्हिल हें नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिम भागांत, ब्ल्यू रिज डोंगरांच्या कुशींत, समुद्रसपाटीपासून सुमारें २,१०० फूट उंचीवर वसलें आहे. २०२० सालच्या शिरगणतीप्रमाणें त्याची लोकसंख्या ९४,५८९ होती. फ्रेंच ब्रॉड ही नदी शहराच्या अंगानें वाहते. १८८० सालीं तेथें आगगाडी पोंचली आणि थंड, कोरड्या हवेसाठीं क्षयरोगी व धनिक प्रवासी यांची रीघ लागली. १८९५ सालीं जॉर्ज व्हँडरबिल्ट यांचा बिल्टमोर नांवाचा प्रचंड प्रासाद तेथें उभा राहिला. पहिल्या महायुद्धानंतर जमिनींचे भाव भराभर चढले, आणि नगरसंस्थेनें कर्ज काढून मोठमोठ्या इमारती बांधल्या. पुढें मंदीची लाट आली. २० नोव्हेंबर १९३० रोजीं शहरांतील प्रमुख पेढीचे दरवाजे बंद झाले व तिच्याबरोबर नगरसंस्थेची ठेवहि बुडाली. कर्ज नाकारण्याऐवजीं तें पै न् पै फेडावयाचें, असा मार्ग शहरानें पत्करला. शेवटचा हप्ता फिटला तो १९७६ सालीं!

या दीर्घ दारिद्र्याचा एक परिणाम कोणाच्याहि ध्यानीं आला नव्हता. इतर शहरांनीं जुन्या इमारती पाडून नव्या बांधल्या. अ‍ॅशव्हिलपाशीं त्यासाठीं पैसाच नव्हता. त्यामुळें शहराच्या मध्यभागीं जुनीं दुकानें, तळघरें, मोटारदुरुस्तीच्या शाळा आणि गुदामें जशींच्या तशीं राहिलीं. त्यांचें भाडें अल्प होतें. थोड्या भांडवलावर धंदा सुरू करूं इच्छिणाऱ्या माणसाला याहून सोयीची जागा कोठें मिळणार?

आतां बीअर म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहूं. तिचे घटक चार : जव, हॉप्स, यीस्ट आणि पाणी. जव भिजवून त्याला मोड आणतात आणि मग तो भट्टीच्या उष्णतेनें वाळवितात. नाचणीला मोड आणून तिचें सत्त्व करण्याच्या आपल्या रीतीशीं या क्रियेचें जवळचें नातें आहे. मोड येतांना धान्यांत अशीं द्रव्यें उत्पन्न होतात, कीं जीं पिष्टाचें साखरेंत रूपांतर करूं शकतात. या वाळविलेल्या धान्याला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून गरम पाण्यांत ठेवला म्हणजे गोड रस तयार होतो. तो उकळतांना त्यांत हॉप्स या वेलीचीं फुलें घालतात. त्यांनीं कडवटपणा व सुगंध येतो आणि पेय टिकतें. रस निवल्यावर त्यांत यीस्ट सोडलें, कीं तें साखर खाऊन मद्यार्क आणि कर्बवायु निर्माण करतें. माल्ट किती भाजावा, कोणत्या जातीचें यीस्ट घ्यावें, रस किती उष्णतेवर आंबवावा, यांत फरक केल्यानें शेंकडों प्रकारची बीअर तयार होते. आणि कारागिराच्या हातोटीला वाव मिळतो तो येथेंच.

परंतु या चारांत सर्वांत मोठा भाग पाण्याचा. बीअरमध्यें शेंकडा नव्वदांहून अधिक पाणीच असतें. शिवाय भांडीं व नळ्या धुण्यासाठीं पाणी लागतें तें वेगळेंच. पाण्यांत विरघळलेल्या क्षारांचा चवीवर फार परिणाम होतो. इंग्लंडांतील बर्टन गांवाच्या विहिरींचें पाणी जिप्समयुक्त व जड असल्यामुळें तेथील कडवट, फिक्या रंगाची बीअर प्रसिद्ध झाली. बोहेमियांतील पिल्सन येथें पाणी अत्यंत मृदु. म्हणून १८४२ सालीं तेथें सोनेरी, हलक्या बीअरचा जन्म झाला. मृदु पाण्याचा मोठा लाभ असा, कीं त्यांत हवे ते क्षार मागाहून घालतां येतात. परंतु जड पाण्यांतून ते काढणें खर्चाचें असतें. अ‍ॅशव्हिलला निसर्गानें असेंच मृदु पाणी दिलें आहे. शहराच्या पूर्वेस, डोंगरउतारांवर, सुमारें २०,००० एकरांचें रान नगरसंस्थेनें पाण्यासाठीं राखून ठेविलें आहे. तेथें वस्ती नाहीं, शेती नाहीं, कारखाना नाहीं. पावसाचें पाणी झाडांच्या मुळांतून झिरपत नॉर्थ फोर्क येथील जलाशयांत येतें. शहराला लागणाऱ्या पाण्याचा बहुतेक पुरवठा येथूनच होतो.

पाणी होतें, जागा होती. अडथळा होता तो कायद्याचा. नॉर्थ कॅरोलायनानें १९०८ सालीं लोकमत घेऊन दारूबंदीचा निर्णय केला आणि १९०९ च्या आरंभापासून ती अंमलांत आणली. १९२० पासून १९३३ पर्यंत ती साऱ्या देशांत होती. बंदी उठल्यावर हा धंदा मोठ्या भांडवलवाल्यांच्या हातीं गेला. लहान कारखाने एकामागून एक बंद पडले, व १९७० नंतरच्या दशकाअखेर एवढ्या मोठ्या देशांत शंभर कारखानेहि उरले नाहींत. सर्वत्र एकाच धर्तीची, फिकी, हलकी बीअर मिळूं लागली. १९७८ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं एका कायद्यावर सही करून घरगुती उपयोगापुरती बीअर करण्यास मोकळीक दिली. त्यामुळें हजारों हौशी माणसें आपल्या स्वयंपाकघरांत प्रयोग करूं लागलीं, आणि त्यांतल्या कांहींनीं पुढें हौसेचा धंदा केला. १९८० सालीं कॅलिफोर्नियांतील चिको गांवीं सुरू झालेली सिएरा नेव्हाडा ही ब्रुअरी अशाच हौशी प्रयोगांतून उभी राहिली. मोठ्या कारखान्यांहून भिन्न, थोडा परंतु चोखंदळ माल काढणाऱ्या या संस्थांना ‘क्राफ्ट’, म्हणजे कारागिरीच्या, ब्रुअऱ्या असें नांव पडलें.

अ‍ॅशव्हिलमध्यें या पर्वाचा आरंभ ऑस्कर वाँग यांनीं केला. जमेका बेटांत एका चिनी वंशाच्या कुटुंबांत जन्मलेले हे गृहस्थ पेशानें स्थापत्यशास्त्राचे अभियंते. व्यवसायांतून मोकळे झाल्यावर त्यांनीं १९९४ सालीं जॉन मॅक्‌डर्मट या कसबी कारागिराच्या साहाय्यानें ‘हायलंड’ नांवाची ब्रुअरी काढली. जागा म्हणजे मध्यवस्तींतील एका खानावळीचें तळघर. आणि सामग्री म्हणजे दुग्धालयांतील जुन्या टांक्या, त्यांना हवे तसे फेरफार करून घेतलेल्या. ज्या शहरांतील लोकांना गडद व कडवट बीअर ठाऊकच नव्हती, तेथें असा माल खपविणें हें मोठ्या धीराचें काम होतें. २००६ सालीं हायलंडनें शहराच्या पूर्व भागांतील प्रशस्त जागेंत आपलें बिऱ्हाड हलविलें, आणि पुढें वाँग यांच्या कन्येनें कारभार हातीं घेतला.

तथापि आरंभींचीं दहा वर्षें वाढ मंदच होती. याचें एक कारण असें, कीं राज्याच्या कायद्यानें बीअरमधील मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ६ हून अधिक असण्यास मनाई होती. बेल्जियम देशांतील जुन्या मठांच्या धर्तीची बीअर किंवा इंग्लंडांतील जोरकस काळी बीअर या मर्यादेंत बसत नसे. म्हणजे कारागिराला आपल्या कलेचा निम्मा प्रांतच बंद होता. राज्यांतील शोकीन व व्यावसायिक यांनीं संघटित होऊन दोन-अडीच वर्षें चळवळ केली, आणि १३ ऑगस्ट २००५ रोजीं गव्हर्नर ईझली यांनीं ही मर्यादा शेंकडा १५ पर्यंत वाढविणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यानंतर मात्र बांध फुटल्याप्रमाणें नव्या ब्रुअऱ्या निघूं लागल्या. शहराच्या मध्यभागाला लागून दक्षिणेस उतरत्या जागेवर मोटारदुरुस्तीचीं व गुदामांचीं जीं जुनीं घरें पडून होतीं, त्यांतच त्या थाटल्या गेल्या. ‘साउथ स्लोप’, म्हणजे दक्षिणेचा उतार, या नांवानें तो भाग आतां सर्वश्रुत आहे. एका ब्रुअरींतून दुसरींत पायींच जातां यावें, इतक्या त्या जवळजवळ आहेत.

एका पेठेंत एकाच मालाचीं अनेक दुकानें थाटलीं म्हणजे तीं परस्परांना बुडवतील, असें वरवर पाहणाऱ्याला वाटतें. अनुभव उलट आहे. सोनारांच्या आळींत गिऱ्हाईक जातें तें अनेक दुकानें पाहतां येतात म्हणूनच. अ‍ॅशव्हिलमध्येंहि तसेंच घडलें. बीअर चाखण्यासाठीं दूरदूरचे प्रवासी येऊं लागले, आणि धंद्याभोंवतीं पूरक धंदे जमूं लागले. २०१० सालीं रिव्हरबेंड नांवाची माल्ट तयार करणारी संस्था निघाली. दूरच्या प्रांतांतून धान्य आणविण्याऐवजीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांचें धान्य वापरावें, हा तिचा संकल्प. तेथील सार्वजनिक महाविद्यालयानें बीअर करण्याच्या विद्येचा अभ्यासक्रम सुरू केला. एकाच्या टांकीचा नळ बिघडला तर दुसऱ्यानें आपला उसना द्यावा, अशी शेजारधर्माची रीत या मंडळींत पडली.

कीर्ति पसरली तशी मोठ्यांची दृष्टि तिकडे वळली. सिएरा नेव्हाडानें आपल्या दुसऱ्या कारखान्यासाठीं अ‍ॅशव्हिलनजीकच्या मिल्स रिव्हरची निवड केली व २०१४ सालीं तो सुरू केला. कोलोरॅडोमधील न्यू बेल्जियम या संस्थेनें फ्रेंच ब्रॉडच्या कांठीं, जेथें एके काळीं गुरांचा बाजार भरे त्या पडीक जागेवर, २०१६ सालीं आपला कारखाना उघडला. पश्चिमेंत तयार झालेला माल पूर्व किनाऱ्यावर नेण्याचा खर्च यामुळें वांचला. परंतु शेवटीं निवड ठरली ती पाणी व कुशल माणसें यांवर.

यापुढचा प्रश्न मालकीचा होता. २०१२ सालीं निघालेली विकेड वीड ही ब्रुअरी तिच्या आंबट बीअरमुळें अल्पावधींत नांवारूपाला आली. आणि २०१७ सालीं जगांतील सर्वांत मोठी बीअर-संस्था एबी इनबेव्ह हिनें ती विकत घेतली. वार्ता फुटतांच अनेक लहान ब्रुअऱ्यांनीं विकेड वीडच्या उत्सवांतून अंग काढून घेतलें. २०१९ सालीं न्यू बेल्जियम ही जपानच्या किरिन समूहाकडे गेली. अमेरिकेंतील लहान ब्रुअऱ्यांच्या संघानें ‘क्राफ्ट’ शब्दाची व्याख्या करतांना उत्पादनाची मर्यादा घातली आहेच. त्याशिवाय मद्याच्या धंद्यांतील परक्या संस्थेचा हिस्सा एकचतुर्थांशाहून कमी असावा, अशीहि अट ठेविली आहे. पिणाराच्या जिभेला हा भेद कळेलच असें नाहीं. परंतु नफा गांवांत राहतो कीं सातां समुद्रांपलीकडे जातो, आणि धंदा बंद करावयाचा निर्णय शेजारचा माणूस घेतो कीं दूरचा हिशेबनीस, हा भेद कामगारांना व शेतकऱ्यांना निश्चित कळतो. त्याच २०१९ सालीं राज्याच्या विधिमंडळानें लहान ब्रुअऱ्यांना दिलासा दिला. आपला माल घाऊक व्यापाऱ्याविना स्वतः विकण्याची मर्यादा वर्षाला २५,००० पिंपांवरून ५०,००० पिंपांवर नेण्यांत आली.

भरभराटीची दुसरी बाजूहि दिसूं लागली होती. प्रवाशांच्या लोंढ्यासाठीं उपाहारगृहें व निवासगृहें वाढलीं, जागांचे भाव चढले. इतके, कीं २०१९ च्या सप्टेंबरांत नगरसंस्थेला नव्या हॉटेलांस परवानगी देणें कांहीं काळ थांबवावें लागलें. ज्या स्वस्त भाड्यानें पहिल्या कारागिरांना आसरा दिला होता, तें स्वस्त भाडें त्यांच्याच यशानें नाहींसें होत चाललें.

अशा स्थितींत २७ सप्टेंबर २०२४ चा दिवस उजाडला. हेलीन नांवाच्या चक्रीवादळाचे ढग आधीच भिजलेल्या डोंगरांवर येऊन कोसळले. फ्रेंच ब्रॉडनें १९१६ सालच्या महापुराची खूण ओलांडली; तिचें पाणी २४ फुटांहून वर चढलें. राज्यांत शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. नदीकांठच्या सखल भागांत कलाकारांच्या कार्यशाळा, दुकानें व बीअरगृहें चिखलांत बुडालीं. न्यू बेल्जियमच्या आवारांतहि पाणी शिरलें. साउथ स्लोप उंचावर असल्यामुळें तेथील टांक्या व यंत्रें शाबूत राहिलीं. तरी तेथील भट्ट्याहि विझल्या. कारण नळाला पाणी नव्हतें.

याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. नॉर्थ फोर्कच्या जलाशयांतून शहराकडे येणारे मोठे नळ पुरानें वाहून गेले. पूर्वींच्या एका पुरानंतर दक्षता म्हणून २५ फूट खोल पुरलेला जादा नळहि त्यांतून सुटला नाहीं. परंतु नळ दुरुस्त झाल्यावरहि संकट टळलें नाहीं. राखीव रानांतून येणारें पाणी सदैव निर्मळ असे. म्हणून तेथील शुद्धीकरण-केंद्र गाळ बसविण्याच्या मोठ्या हौदांविना, केवळ गाळण्यांच्या भरंवशावर बांधलेलें होतें. पुरानंतर जलाशयांत अत्यंत सूक्ष्म मातीचे कण तरंगत राहिले आणि त्या गाळण्या निरुपयोगी ठरल्या. तेव्हां, आपल्याकडे गढूळ पाण्यांत तुरटी फिरवितात त्याच तत्त्वावर, जलाशयांतच अ‍ॅल्युमिनियम सल्फेट सोडून माती तळाशीं बसविण्यांत आली. मध्यंतरीं नळांतून जें पाणी आलें, तें न गाळलेलें व भरपूर क्लोरीन घातलेलें होतें. बीअरसाठीं रस उकळावाच लागतो, मग असें पाणी कां चालूं नये, अशी शंका येईल. परंतु क्लोरीनचा माल्टमधील द्रव्यांशीं संयोग होऊन औषधासारखी उग्र चव उत्पन्न होते, आणि उकळल्यानंतर भांडीं व पिंपें धुण्यास तर शुद्ध पाणीच हवें. पाणी पिण्यास योग्य असल्याची घोषणा झाली ती १८ नोव्हेंबर रोजीं, ५३ दिवसांनीं! शरदांत रंगलेलीं पानें पाहण्यास जे प्रवासी दरवर्षीं येतात, त्यांचा, म्हणजेच कमाईचा, ऐन हंगाम त्यांत निघून गेला.

हा आघात झाला तोहि धंद्याच्या एकंदर ओहोटींत. त्या एका वर्षांत अमेरिकेंत नव्यानें उघडलेल्या ब्रुअऱ्यांपेक्षां बंद पडलेल्यांची संख्या अधिक भरली. जवळजवळ वीस वर्षांत असें घडलें नव्हतें. लोकांची आवड पालटत आहे, कच्चा माल महागला आहे, आणि दुकानांच्या फळ्यांवर गर्दी झाली आहे. अ‍ॅशव्हिलच्या लहान ब्रुअऱ्यांना पुराचें कर्ज फेडीत या ओहोटीशींहि झगडावें लागत आहे.

या साऱ्या कथेंतून एक गोष्ट स्पष्ट होते. ऑस्कर वाँग आणि त्यांच्यामागून आलेल्या कारागिरांचें साहस व कसब निर्विवाद आहे. त्यांच्यावांचून हा उद्योग उभा राहिला नसता. परंतु त्या कसबाला जो आधार मिळाला, तो कोणा एकाच्या मालकीचा नव्हता. रान राखून ठेवणारी नगरसंस्था, ऋण फेडीत जुन्या घरांसह राहिलेली दोन पिढ्यांची प्रजा, कायदा पालटविणारी चळवळ, विद्या शिकविणारें सार्वजनिक महाविद्यालय, या सर्वांची ती सामायिक ठेव होती. ब्रुअरीचा विमा उतरवितां येतो, टांकी नवी घेतां येते. डोंगरावरील रान व त्यांतून येणारें पाणी पैसे मोजून आणतां येत नाहीं. आतां गाळाचे हौद बांधावे, नळांचे मार्ग बदलावे, नदीच्या पुराला मोकळी जागा सोडावी, असे विचार त्या शहरांत चालले आहेत. त्यांचा खर्च मोठा आहे आणि फळ सावकाश मिळणारें आहे. तथापि शेहेचाळीस वर्षें धीरानें कर्ज फेडणाऱ्या गांवाला सावकाश फळणाऱ्या कामाची ओळख जुनी आहे. आणि त्याच्या बीअरचें भवितव्य कोणत्याहि नव्या पाककृतीपेक्षां या कामावर अधिक अवलंबून आहे.